अन्ननलिकेचा सांधा

नागपूरच्या महालातला भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ मध्ये जळाला. काळ्या पाषाणाच्या त्या वाड्याचं लाकडी कोरीवकाम आगीत गेलं आणि नगारखाना तेवढा उरला. त्याच साली नागपूरला नगरपालिका मिळाली. त्याच दशकात महालापासून फार लांब नसलेल्या जागी सरकारी दवाखाना सुरू झाला आणि पुढे त्याला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचं नाव मिळालं. १९१४ मध्ये दवाखान्याला जोडून रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघालं, १९६८ मध्ये महापालिकेने तिथे वैद्यकीय महाविद्यालय उघडलं, मग त्याला इंदिरा गांधींचं नाव दिलं गेलं. नागपूरकर मात्र आजही ‘मेयो’च म्हणतात.

त्या सुरुवातीच्या काळात छाती उघडून आतली अन्ननलिका काढावी, असा विचार कुठल्याही दवाखान्यात कुणी करत नव्हतं. रोग नवा नव्हता. आधी भाकरीचा घास अडकतो, मग वरणभात अडकतो, मग पाण्याचा घोटही खाली उतरत नाही. माणूस काही महिन्यांत वाळून जातो. घरच्यांना कळायचं, वैद्याला कळायचं, डॉक्टरलाही कळायचं. करता काहीच येत नव्हतं, आणि ही स्थिती नागपुरात होती तशीच लंडन-बर्लिनमध्येही होती.

विदर्भात हा रोग का दिसतो, याचं मोठं कारण पानठेल्यावर टांगलेलं असतं. रामटेकचं कपुरी पान जुन्या काळापासून नावाजलेलं. मराठी दरबारात बैठक उठताना अत्तर-पान देण्याचा रिवाज होता, आणि तोच मान लग्नाकार्यात घरोघर पाळला गेला. पानात तंबाखू आली, मग पान गळालं आणि सुपारी, तंबाखू, चुना एवढंच उरलं. प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून ते घोटायचं, की झाला खर्रा. महालातल्या बडकस चौकापासून गांधीगेटपर्यंत कुणालाही विचारा, खर्रा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. खर्रा समोर घोटून देतात, त्यामुळे कारखाना बंद करून तो बंद होत नाही.

या सवयीचा अन्ननलिकेशी असलेला संबंध दाखवणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या कामांत मुंबईचं एक काम आहे आणि त्याचा मराठी वाचकाला अभिमान वाटायला हवा. टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ वसंत खानोलकर, त्यांचे सहकारी संघवी आणि राव यांनी १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणं, चघळणं आणि तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचे कर्करोग यांचा संबंध मांडला. फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यावर इंग्लंड-अमेरिकेत वाद पेटलेला असतानाच हे झालं. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने चघळण्याच्या तंबाखूला अन्ननलिकेच्या कर्करोगाचं कारण ठरवलं आणि २००४ मध्ये नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचं प्रसिद्ध केलं. डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली होती. पुणे आणि औरंगाबादनंतर १९८० मध्ये ती नागपुरात आली. तेव्हापासून या शहरातल्या कर्करोगांची सलग मोजदाद होते आहे.

एवढं झालं रोगाचं. शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी आहे आणि ती मुळात जंतुसंसर्गाची गोष्ट आहे.

व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथ यांनी १८७१ मध्ये कुत्र्यांच्या मानेतल्या अन्ननलिकेचा तुकडा काढून पाहिला. त्यांचे शिष्य व्हिन्सेंझ चेर्नी यांनी १८७७ मध्ये एका स्त्रीच्या मानेतला कर्करोगग्रस्त भाग काढला आणि ती वर्षभराहून अधिक जगली. पण मान म्हणजे छाती नव्हे. छाती उघडली की फुप्फुस मिटतं आणि श्वास थांबतो. त्यावर उपाय म्हणून श्वासनळीत नळी घालून हवा देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आली. तरीही जे रुग्ण टेबलावर वाचत, ते आठवड्याभरात छातीत पू होऊन जात.

मार्च १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या जर्मन हॉस्पिटलमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी ६७ वर्षांच्या एका बाईंची छातीतली अन्ननलिका काढली. बाई जगल्या. त्या जगण्यामागे एक साधी गोष्ट होती, तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. टोरेक यांनी आत काहीही जोडलंच नाही. अन्ननलिकेचं वरचं तोंड मानेवर बाहेर काढलं, पोटावर जठराला दुसरं तोंड केलं आणि दोघांच्या मधे बाहेरून रबराची नळी लावली. जेवताना बाई ती नळी जोडत, घास बाहेरून पोटात जाई. असं त्या बारा वर्षांहून अधिक जगल्या. आत सांधा नव्हता, म्हणून सांधा फुटला नाही. सांधा फुटला नाही, म्हणून छातीत पू झाला नाही.

पण अशी नळी लावून सगळं आयुष्य काढणं कुणाला परवडणार? १९३३ मध्ये क्योटोच्या तोरू ओसावा यांनी जठर वर ओढून छातीतच अन्ननलिकेला जोडून दाखवलं. १९३८ मध्ये शिकागोत ॲडम्स आणि फेमिस्टर यांनी तेच केलं. १९४६ मध्ये वेल्समधून आलेल्या आयव्हर लुईस यांनी पोट आणि उजवी छाती अशा दोन टप्प्यांची पद्धत मांडली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याच दशकात पेनिसिलिन हाताशी आलं होतं. सर्जन मंडळींना वाटलं, आता खिंड ओलांडली.

ती ओलांडली गेली नव्हती. कारण अन्ननलिकेची बांधणीच सर्जनच्या विरोधात आहे. आतड्यांवर बाहेरून एक गुळगुळीत पातळ आवरण असतं आणि टाके त्यात नीट धरून राहतात. अन्ननलिकेला ते आवरण नाही. तिच्या जागी लावायचं जठर नळीच्या आकारात कापावं लागतं आणि त्याच्या वरच्या टोकाला रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी एकच उरते, तीही खूप खालून येणारी. नेमकं तेच टोक सांध्यात येतं. शिवाय हा सांधा जिवंत माणसाच्या श्वासाबरोबर आणि गिळण्याबरोबर सतत हलत राहतो. पाचव्या-सहाव्या दिवशी एखादा टाका सैल झाला की लाळ, जठररस आणि तोंडातले जंतू थेट हृदय-फुप्फुसांच्या मधल्या जागेत उतरतात. वॉर्डात या गळतीला ‘लीक’ म्हणतात. नातेवाइकांना त्याचा अर्थ कळतो तो ताप चढल्यावर, धाप लागल्यावर आणि छातीतल्या नळीत गढूळ पाणी दिसल्यावर.

दुसरा शत्रू न्यूमोनिया. छाती आणि पोट दोन्हीकडे जखम असल्याने रुग्ण खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. लसिकाग्रंथी काढताना स्वरयंत्राच्या मज्जातंतूला धक्का लागला, तर आवाज बसतो आणि खोकल्यातला जोरही जातो. मग रात्री झोपेत जठरातलं पाणी वर येऊन फुप्फुसात उतरतं.

इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनचे मॅककिओन यांनी १९७६ मध्ये आणि अमेरिकेत मिशिगनचे ऑरिंजर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतींमागे हीच भीती होती. दोघांनी सांधा छातीतून मानेत आणला. मानेतला सांधा फुटला तर पू बाहेरच्या जखमेतून वाहून जातो, छातीत साचत नाही. रुग्णाला महिनाभर त्रास होतो, पण जीव वाचण्याची शक्यता वाढते. टोरेक यांनी १९१३ मध्ये जे शिकवलं होतं, त्याकडे साठ वर्षांनी पुन्हा वळण्यासारखंच हे होतं.

१९८० मध्ये अर्लम आणि कुन्हा-मेलो यांनी जगभरचे शोधनिबंध एकत्र केले. एकूण ८३,७८३ रुग्णांची माहिती होती. शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यातच होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण २९ टक्के निघालं. शंभर रुग्णांचा हिशेब त्यांनी मांडला तो असा: ५८ जणांची छाती किंवा पोट उघडलं जातं, ३९ जणांची अन्ननलिका काढता येते, त्यातले १३ दवाखान्यातच दगावतात, २६ घरी जातात. पाच वर्षांनी चार उरतात. शस्त्रक्रियेच्या इतिहासात इतके निष्ठुर आकडे क्वचितच छापले गेले असतील. पण त्या आकड्यांनी एक चांगलं काम केलं. कुठे सुधारायचं, ते त्यांनी दाखवलं.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मृत्यूचं प्रमाण चांगल्या केंद्रांत पाच टक्क्यांच्या आसपास आलं. भूल देण्याची कला सुधारली, अतिदक्षता विभाग आले, रक्तातला ऑक्सिजन मोजता येऊ लागला, सीटी स्कॅनने गळती लवकर दिसू लागली. आणि एक महत्त्वाचा धडा मिळाला. २००२ मध्ये बर्कमायर यांनी अमेरिकेतल्या वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ही शस्त्रक्रिया अगदी क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर होतं. सर्वांत जास्त करणाऱ्यांत ते साधारण आठ टक्के होतं. म्हणजे डॉक्टर कोण, याइतकाच वॉर्ड कोणता, हाही प्रश्न महत्त्वाचा. पहाटे तीन वाजता नाडी वाढलेली पाहून गळतीची शंका घेणारी नर्स त्या वॉर्डात आहे का, यावर पुष्कळ काही ठरतं.

या सगळ्या काळात सर्जनांच्या डोक्यात दोन वेगळी खाती होती. एका खात्यात शस्त्रक्रियेचे धोके: गळती, न्यूमोनिया, पू. दुसऱ्या खात्यात कर्करोग: गाठ किती खोल, किती लसिकाग्रंथींत पसरलेली, परत येणार की नाही. रुग्ण संसर्गातून तरून घरी गेला की पहिलं खातं बंद. संसर्गाचा कर्करोग परतण्याशी काही संबंध असेल, असं फारसं कुणी मानत नव्हतं. उलट संसर्ग झाला तर कर्करोगाला मार बसतो, असा एक जुना विश्वास होता.

तो विश्वास भाबडा नव्हता. न्यूयॉर्कच्या विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम जंतू टोचायला सुरुवात केली. त्याआधी धावरं हा त्वचेचा संसर्ग होऊन तीव्र ताप आलेल्या एका रुग्णाची मानेतली गाठ विरघळल्याचं त्यांना आढळलं होतं आणि त्यांनी त्या माणसाला शहरात शोधून काढलं, तेव्हा तो धडधाकट होता. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनीहून एक निबंध आला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या छातीत पू झाला, ते इतरांपेक्षा अधिक जगले, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर विसंबून तिथल्याच मॅकनीली यांनी शस्त्रक्रियेनंतर छातीत बीसीजी लस सोडून पाहिली आणि १९७६ मध्ये आशादायक निष्कर्ष छापले. पण मोठ्या चाचणीत ते टिकले नाहीत. पू झालेल्यांच्या जास्त जगण्याचं निरीक्षणही नंतरच्या अभ्यासांत सर्वत्र खरं ठरलं नाही. प्रतिकारशक्ती जागवून कर्करोगावर हल्ला करता येतो, ही कोलींची कल्पना पुढे शतकभराने वेगळ्या औषधांतून खरी ठरली. शस्त्रक्रियेनंतरचा अनियंत्रित संसर्ग मात्र त्या कामाचा नाही.

उलट तो घातक कसा ठरतो, ते हळूहळू कळत गेलं. ॲम्स्टरडॅमच्या लागार्डे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं, की शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्या रुग्णांत कर्करोग परतला, तर मृत्यू लवकर येतो. पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या ल्यूव्हेनचे टोनी लेरुत यांनी गुंतागुंतीची तीव्रता पायऱ्यांनी मोजली आणि जितकी पायरी वरची, तितका कर्करोग लवकर परततो असं मांडलं. २०१५ मध्ये मार्कर आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या फ्रेंचभाषक तीस केंद्रांच्या, सुमारे अडीच हजार रुग्णांच्या नोंदींतून सांगितलं, की सांध्याची गंभीर गळती झालेल्यांत कर्करोग परतण्याचं प्रमाण जास्त आणि आयुष्य कमी. जपानच्या जेसीओजी ९९०७ या चाचणीतल्या रुग्णांचा २०१७ मध्ये पुन्हा अभ्यास झाला, तेव्हाही संसर्ग झालेल्यांचं जगणं कमी भरलं.

इथे थोडं थांबून सावधपणे बोलायला हवं. गळती झालेला रुग्ण बहुतेक वेळा आधीच अशक्त असतो, त्याची गाठ मोठी असू शकते, त्याच्या जठराचा रक्तपुरवठा अपुरा असू शकतो. म्हणजे तो दोन्ही बाबतींत धोक्यात असतो. संख्याशास्त्राने हे घटक बाजूला काढले तरी पूर्ण निघत नाहीत. लागार्डे यांच्या अभ्यासातही गुंतागुंतीमुळे परतण्याचं प्रमाण वाढतं असं स्वतंत्रपणे सिद्ध झालं नव्हतं. परतलेल्यांचा काळ कमी झाला होता. म्हणून ‘गळती झाली म्हणजे कर्करोग परतणारच’ असं कुणी म्हटलं, तर ते चूक आहे. संसर्गातून उठून वर्षानुवर्षं चांगले राहिलेले रुग्ण प्रत्येक मोठ्या केंद्रात आहेत.

तरी संबंध नुसता आकड्यांतला नाही, याचा पुरावा प्रयोगशाळेतून आला. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे लोरेन्झो फेरी हे स्वतः अन्ननलिकेचे सर्जन. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की तीव्र संसर्गात पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल जंतूंना पकडायला आपल्याच केंद्रकातल्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात. रक्तात फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशीही त्या जाळ्यात अडकतात, पण मरत नाहीत. यकृतात, फुप्फुसात त्यांना बसायला जागा मिळते आणि उंदरांत तिथे नव्या गाठी उगवतात. शस्त्रक्रिया कितीही कसून केली तरी काही पेशी रक्तात सुटलेल्या असतातच. त्या मरतील की मूळ धरतील, हे त्या आठवड्यात शरीर कोणत्या अवस्थेत आहे यावर अवलंबून असू शकतं. यात दुसरी व्यावहारिक बाजूही आहे. महिनाभर पू निचरत राहिलेला, दहा किलो वजन उतरलेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतरची औषधं वेळेवर घेऊ शकत नाही.

एकदा हे पटलं की जुनी कामं वेगळी दिसू लागतात. नेदरलँड्सच्या नेतृत्वाखालच्या २०१२ च्या चाचणीत ११५ रुग्ण होते. छाती मोठी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन आठवड्यांत २९ टक्के रुग्णांना फुप्फुसाचा संसर्ग झाला. दुर्बिणीने केलेल्यांत फक्त ९ टक्क्यांना. फ्रान्समध्ये लीलचे क्रिस्तोफ मारिएत यांनी उभारलेल्या मिरो चाचणीत २०७ रुग्णांत हीच दिशा दिसली. तिच्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात फुप्फुसाची मोठी गुंतागुंत झालेल्यांचं आयुष्य कमी भरल्याचं आढळलं. दुर्बीण आली ती जखम लहान व्हावी आणि रुग्ण लवकर घरी जावा म्हणून. पुढे तिचं मूल्य कर्करोगाच्या हिशेबातही मोजावं लागलं. या प्रवासात भारत मागे नव्हता. कोइम्बतूरच्या डॉ. पलानीवेलू यांनी रुग्णाला पालथं झोपवून छातीतलं काम दुर्बिणीने करण्याची पद्धत १३० रुग्णांच्या अनुभवासह २००६ मध्ये छापली. २०१० मध्ये पुण्यातून डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या गटाने ११२ सलग रुग्णांचा अनुभव मांडला.

आता पुन्हा नागपूर.

नागपुरात १९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. लोकांच्या तोंडी ते ‘मेडिकल’. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना कर्करोग झाला आणि १९६८ च्या ऑक्टोबरात मोझरीला त्यांचं निधन झालं. मानेवाडा रस्त्यावरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. ज्या माणसाने गावोगाव व्यसनमुक्तीसाठी खंजिरी वाजवली, त्याच्या नावाच्या रुग्णालयात खर्र्याने पोखरलेले जबडे आणि गळे रोज येतात, ही गोष्ट विदर्भाने मनाला लावून घ्यायला हवी. आता जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, मिहानमध्ये एम्स आहे. पण अनेक दशकं महालातल्या, इतवारीतल्या, भंडारा-गोंदियाच्या रुग्णासाठी अन्ननलिकेची शस्त्रक्रिया म्हणजे परळ. २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलेलं टाटा रुग्णालय, तिथे अर्नेस्ट बोर्जेस आणि जस्सावालांच्या पिढीने घडवलेली कर्करोग शस्त्रक्रियेची परंपरा, आणि आज सी. एस. प्रमेश यांच्यासारखे अन्ननलिकेवरच काम केलेले सर्जन.

परळ म्हणजे आठशे किलोमीटरहून लांबचा रेल्वे प्रवास. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. विदर्भातल्याच शेंडगावच्या त्या संताच्या छायेत विदर्भातल्या कुटुंबांनी किती रात्री काढल्या असतील, त्याची गणती नाही. शस्त्रक्रिया होते, टाके काढले जातात, पोटातल्या नळीने पातळ अन्न कसं द्यायचं ते घरच्यांना शिकवलं जातं आणि विदर्भ एक्स्प्रेसने रुग्ण घरी परततो. खरी कसोटी तिथे सुरू होते. पलंगाचं डोकं उंच ठेवायचं, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, थोडं थोडं सहा वेळा खायचं. पाळलं नाही तर अन्न वर येऊन फुप्फुसात जातं. रात्री ताप आणि धाप आली की घरचे जवळच्या दवाखान्यात नेतात. तिथल्या डॉक्टरला या माणसाचं जठर छातीत आहे हे कुणी सांगितलं नाही, तर छातीचा एक्स-रे पाहून तो बुचकळ्यात पडतो.

संसर्गाचं बी मात्र बहुधा शस्त्रक्रियेच्या आधीच पेरलेलं असतं, आणि इथे पुन्हा खर्रा येतो. वर्षानुवर्षं सुपारी चघळणाऱ्याच्या तोंडात तंतू वाढून जबडा उघडेनासा होतो. अशा तोंडातून भुलीची नळी घालणं अवघड. हिरड्या सुजलेल्या, दात हललेले, दातांच्या कपारीत जंतूंचे थर. न्यूमोनिया करणारे जंतू पुष्कळदा तिथूनच खाली उतरतात. जपानच्या सर्जनांनी हे आधी ओळखलं. त्यांच्याकडे अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेआधी दंतवैद्याकडून तोंड स्वच्छ करून घेतात, रुग्णाला दिवसातून अनेकदा ब्रश करायला लावतात, आणि त्याने शस्त्रक्रियेनंतरचा न्यूमोनिया कमी झाल्याचं २०१० मध्ये त्यांनी छापलं. २०१६ मध्ये चीन आणि जपानमधून आणखी पुढची बातमी आली. हिरड्यांच्या रोगातले दोन जंतू, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस आणि फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम, अन्ननलिकेच्या गाठींतच सापडले. कुमामोतोच्या अभ्यासात फ्युसोबॅक्टेरियम असलेल्या रुग्णांचं जगणं कमी निघालं. जंतू गाठ वाढवतो की गाठीत त्याला नुसती जागा मिळते, यावर काम सुरू आहे.

नागपुरात १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, तेही मेडिकलच्या आवारात. कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरलेल्या प्रत्येक रुग्णाने तिथून एकदा दात साफ करून घ्यावेत आणि सडलेले दात काढून घ्यावेत, याला फार मोठा खर्च लागत नाही. शस्त्रक्रियेआधीचे काही आठवडे बहुतेकांना केमोथेरपी, कधी किरणोपचारासह, चालूच असते. तेवढा काळ खर्रा आणि बिडी पूर्ण बंद, रोज फुप्फुसाचे व्यायाम, तीन गोळ्यांच्या त्या प्लॅस्टिकच्या यंत्रात श्वास ओढणं, नळीने का होईना पण पुरेसं प्रथिन. घरातली माणसं हे करून घेऊ शकतात. शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट पाहण्यात हे दिवस वाया गेले, तर ते भरून निघत नाहीत.

मग पुढची दोन वर्षं. अन्ननलिकेचा कर्करोग परतायचा असेल तर बहुतेक वेळा याच काळात परततो. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर गळती किंवा न्यूमोनिया झाला होता, त्यांनी या काळातली एकही तपासणी चुकवू नये. आवाज नव्याने बसला, घास पुन्हा अडकू लागला, कारण नसताना वजन उतरलं, पाठीत किंवा हाडांत दुखणं सुरू झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जावं. सोबत डिस्चार्ज कार्ड असावं. सांध्याला गळती झाली होती का, किती दिवस प्रतिजैविकं चालली, छातीत नळी पुन्हा घालावी लागली का, गाठीचा आणि ग्रंथींचा अहवाल काय होता, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. परळला शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची पुढची तपासणी मेडिकलला, तुकडोजीला किंवा जामठ्याला होणार असेल, तर नव्या डॉक्टरांच्या हाती पहिल्याच भेटीत ते कार्ड द्यावं आणि संसर्गाबद्दलच्या ओळीवर बोट ठेवून दाखवावं.